शुगर लो झाली? आधी साखर, मग प्रश्न

मंगळवारची संकष्टी, म्हणजे अंगारकी. बाबांचा उपास. सकाळी साडेसातला त्यांनी नेहमीची डायबेटिसची गोळी घेतली, वर बिनसाखरेचा काळा चहा घेतला आणि त्यानंतर फक्त पाणी. उपास सुटणार रात्री चंद्र बघून. साडेअकराच्या सुमारास भांडुपच्या आमच्या घरात ते आरशासमोर उभे राहून शर्टाची बटणं लावत होते. देवळात जायचं होतं. पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं, मग सगळीच एकेक घर खाली सरकली. त्यांनी ती काढली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, "बाबा, थांबा, मी लावून देते." त्यावर ते खेकसले, "मला काय बटणं लावता येत नाहीत?" माझे बाबा घरात कधी आवाज चढवत नाहीत. डोक्यावर पंखा फुल स्पीडने फिरत होता आणि त्यांचं बनियन पाठीला ओलंचिंब चिकटलं होतं.

शेजारच्या काकू दूर्वा मागायला आल्या होत्या. त्यांच्याकडे काका इन्सुलिनवर आहेत. त्यांनी दारातूनच बाबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, आधी शुगर बघ त्यांची." मीटरवर आकडा आला ४८.

मी स्वयंपाकघरात धावले, साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझा हात थांबला. बाबांना डायबेटिस होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं आम्ही त्यांच्यापासून तो डबा लांब ठेवत आलो होतो. लग्नातली जिलबी, दिवाळीतले लाडू, कोणाच्या घरी नकळत आलेला गोड चहा, सगळ्याला "त्यांना नको, त्यांना शुगर आहे". आता त्याच माणसाला साखर द्यायची म्हणजे काहीतरी चुकतंय, असंच मनात आलं. काकूंनी माझ्या हातून डबा घेतला, अर्ध्या पेल्यात पाणी ओतून तीन चमचे साखर ढवळली आणि बाबांच्या हातात दिली. बाबा म्हणाले, "माझा उपास आहे." आई म्हणाली, "साखर उपासाला चालते. प्या."

माझा थांबलेला तो हात हे या लेखाचं कारण. डायबेटिसच्या घरात वाढलेल्या साखरेबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कमी झालेल्या साखरेबद्दल बोलणं होत नाही, आणि मिनिटांचा प्रश्न असतो तो नेमका तिथेच.

आधी आकडे. डायबेटिस असलेल्या माणसाची रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती लो धरायची. इथे अजून काही त्रास होत नसला तरी साखर घ्यायची वेळ झालेली असते. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर. आणि आकडा काहीही असो, माणसाला स्वतःच्या हाताने साखर घेता येत नसेल, दुसऱ्याने मदत करावी लागत असेल, तर ती सर्वांत वरची पायरी. डॉक्टर लोक याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. आपण बोलताना 'शुगर लो झाली', 'शुगर डाऊन झाली' म्हणतो, आणि ते पुरेसं आहे.

हे मिलिग्रॅम दर शंभर मिलिलिटर रक्तामागचे असतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर ९० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम साखर झाली. म्हणजे चहाचा एक चमचा. बाबांच्या रक्तात त्या दिवशी अर्ध्या चमच्याहून थोडीच जास्त साखर उरली होती. हा हिशेब मी जेव्हा पहिल्यांदा मांडला तेव्हा मला घाबरायला झालं, कारण शरीर किती थोड्या शिलकेवर चालतं ते त्यातून दिसतं. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाइतकं, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि त्याचं मुख्य अन्न ग्लुकोज, म्हणजे रक्तातली हीच साखर. स्नायूंप्रमाणे त्याच्याकडे म्हणावा असा साठा नाही. रक्तातून येईल त्यावरच त्याचा संसार. साखर उतरली की म्हणूनच आधी विचार ढासळतो, स्वभाव बदलतो, बोटांना साधं बटण जमेनासं होतं.

निरोगी शरीरात हे सहसा होत नाही. साखर उतरायला लागली की स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन सोडणं बंद करतं, ग्लुकॅगॉन नावाचं हार्मोन सोडतं, त्याच्या हुकमाने लिव्हर आपल्या कोठारातली साखर रक्तात टाकतं. पण बाहेरून घेतलेलं इन्सुलिन एकदा टोचलं की परत बोलावता येत नाही. साखर ४० वर आली तरी ते आपलं काम करतच राहतं. काही गोळ्यांचंही तसंच. त्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतात, तुम्ही जेवला आहात की नाही हे न बघता.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२१ साली टोरोंटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं गेलं. तेव्हा त्याची ताकद मोजायला दुसरं साधन नव्हतं, म्हणून उपाशी ठेवलेल्या सशाला ते टोचून त्याची साखर झटके येण्याइतकी, साधारण ४५ पर्यंत, उतरवायला किती लागतं यावरून 'युनिट' ठरवलं गेलं. आपण आज सहज म्हणतो ना, "सकाळी दहा युनिट, रात्री आठ युनिट", त्या मापाचा उगमच लो शुगरमध्ये आहे. ज्या औषधाने लाखो मुलं जगली, त्याच औषधाचा हा धोका पहिल्या दिवसापासून माहीत होता.

आता हे कोणाला होतं? डायबेटिसच्या प्रत्येक माणसाला नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरणं क्वचितच घडतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचंही एकेकट्याने घेतल्यास तसंच. खरी काळजी इन्सुलिनची, आणि गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड या घराण्याची. आपल्याकडे या बहुतेक वेळा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतात आणि दर कंपनीचं नाव वेगळं. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा, स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावून, आज रात्रीच. 'ग्लिमे', 'ग्लिक्ला', 'ग्लिबेन' असं काही दिसलं तर हा लेख तुमच्या घरासाठी आहे.

लक्षणं दोन लाटांमध्ये येतात, आणि त्यांतला फरक कळणं फार उपयोगाचं.

पहिली लाट शरीराने वाजवलेल्या घंटेची. साखर ७० च्या खाली सरकली की ॲड्रेनालिन सुटतं. हातापायांना कापरं भरतं, छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो, पोटात एकदम खड्डा पडल्यासारखी भूक लागते, ओठ आणि जीभ बधिर झाल्यासारखी वाटतात, उगाच भीती वाटते. मुंबईत मे महिन्यात घाम कोणाला येत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण हा घाम वेगळा. कपाळाला हात लावा, अंग गार आणि चिकट लागतं. उकाड्याचा घाम पंख्याखाली सुकतो. हा पंख्याखालीही फुटत राहतो.

दुसरी लाट मेंदू उपाशी राहिल्याची. डोळ्यांपुढे धुरकट दिसतं, शब्द जिभेवर अडखळतात, माणूस तेच तेच बोलतो, हट्ट करतो, चिडतो, हसतो, रडतो, किंवा नुसता एका ठिकाणी बघत बसतो. या लाटेत सापडलेल्या माणसाला "तुझी शुगर लो झालीये" म्हटलं तर तो बहुधा "मला काही झालेलं नाही" असंच म्हणेल. तो खोटं बोलत नसतो. ज्या मेंदूने ओळखायचं तोच उपाशी असतो. म्हणून भोवतालच्यांनी त्याच्या नकारावर विसंबू नये, वाद घालू नये, शांतपणे पेला पुढे करावा. याच्याही पुढे गेलं की झटके आणि बेशुद्धी.

आणि एक विनंती, लोकलने जाणाऱ्या सगळ्यांना. डब्यात किंवा प्लॅटफॉर्मवर एखादा माणूस झोकांड्या देतोय, जड जिभेने बोलतोय, घामाने भिजलाय, तर "बेवडा आहे" म्हणून बाजूला सरकण्याआधी एकदा विचारा, "काका, शुगर आहे का?" पाकिटात औषधाची चिठ्ठी असेल, दंडावर किंवा पोटावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला असेल. दारूचा वास आला म्हणूनही शंका सोडू नका. दारू लिव्हरला नवीन साखर तयार करू देत नाही, त्यामुळे इन्सुलिनवरच्या माणसाने उपाशीपोटी प्यायली तर साखर रात्री, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीही उतरू शकते. त्या वेळी दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात.

उपचार पंधरा-पंधराचा. पंधरा ग्रॅम लवकर रक्तात जाणारी साखर घ्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. मीटर जवळ नसेल, त्याच्या स्ट्रिप संपल्या असतील, तर लक्षणांवर विश्वास ठेवून साखर घ्या. समजा शुगर लो नव्हती, तर एका वेळची तीन चमचे साखर काही बिघडवत नाही. लो असताना वाट बघत बसणं मात्र बिघडवू शकतं.

पंधरा ग्रॅम म्हणजे घरातल्या भाषेत किती? चहाच्या चमच्याने तीन चमचे साखर, शीग लावून, अर्धा पेला पाण्यात. किंवा तितकीच ग्लुकोज पावडर. मोठा एक चमचा मध. साधं, म्हणजे साखरवालं कोल्ड्रिंक अर्धा ग्लास, दीडशे मिलिलिटरच्या आसपास. फळांच्या रसाचं टपरीवर मिळणारं छोटं पाकीट. उसाचा रस अर्धा ग्लास, जवळच गुऱ्हाळ असेल तर. कोल्ड्रिंक 'डाएट' किंवा 'झिरो' नाही ना, हे बघून घ्या. घाईत दुकानदार हाताला लागेल ती बाटली देतो, आणि डायबेटिस म्हटल्यावर मुद्दाम ती देतो. त्यात साखर नसते, काही उपयोग होत नाही. शुगर-फ्रीच्या गोळ्यांचंही तेच.

पेढा, बर्फी, चॉकलेट, आइस्क्रीम यांच्याकडे लोक आधी वळतात, कारण गोड म्हटलं की तेच आठवतं. पण त्यांतलं तूप आणि दूध साखरेला पोटात रेंगाळत ठेवतं. बिस्किटं, वडापाव, पोळी यांचा स्टार्च पचून साखर व्हायला वेळ लागतो. कटिंग चहा तर अनेकांचा पहिला विचार, पण त्यात साखर कमी, दूध आहे, आणि गरम म्हणून माणूस फुंकत फुंकत पितो. चहाच द्यायची वेळ आली तर चहावाल्याकडे चहा मागू नका, साखर मागा. तो देतो. मी दादर स्टेशनबाहेर मागितलेली आहे, त्याने एक प्रश्न न विचारता कागदावर चार चमचे ओतून दिली.

आता एक बाब, जी फार थोड्या घरांत माहीत असते. आपल्याकडे तीन औषधांची मिळून एक गोळी बरीच दिली जाते, त्यात तिसरं औषध व्होग्लिबोज असतं. त्याच घराण्यातलं दुसरं अकार्बोज. ही औषधं आतड्यात साखरेचे तुकडे करणाऱ्या रसायनांना अडवतात. डब्यातली साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते, ती आतड्यात फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. जोडी फुटू द्यायची नाही हेच तर या औषधाचं काम. म्हणजे असा माणूस लो झाला आणि तुम्ही त्याला साखरपाणी पाजलं, तर ते फार हळू चढेल. त्याला थेट ग्लुकोज हवं. साधी ग्लुकोज पावडर घरात आणि बॅगेत ठेवा. संत्र्या-लिंबाच्या स्वादाची पावडर घेणार असाल तर पाकिटामागे साखर मिसळली आहे का ते वाचा. आणि अगदी काहीच हाताशी नसेल तर मध, कारण मधातली बरीचशी साखर आधीच सुटी असते. स्ट्रिप वाचताना 'व्होग्लिबोज' हा शब्दही शोधा, असं म्हणूनच सांगते.

ती पंधरा मिनिटं काढणं कठीण असतं. अशी भूक लागते की समोर येईल ते खावंसं वाटतं, आणि बघणारे घाबरून अजून अजून भरवत राहतात. तासाभराने साखर ३०० वर जाते, मग लोक वर इन्सुलिन घेतात, मग पुन्हा खाली. घड्याळ लावा. पंधरा मिनिटांनी बोट टोचताना एक काळजी घ्या. ज्या बोटांनी साखर किंवा आंबा खाल्लाय तीच धुतल्याशिवाय टोचली तर मीटर बोटावरची साखर मोजतो आणि खोटा मोठा आकडा दाखवतो. साबण-पाण्याने हात धुवा, पुसा, मग टोचा. अंगावर सेन्सर लावलेला असेल तर लक्षात ठेवा, तो रक्तातली साखर थेट मोजत नाही, पेशींच्या भोवतालच्या पाण्यातली मोजतो. त्यामुळे तो काही मिनिटं मागे असतो. साखर चढत असतानाही तो अजून खालीच दाखवतो. अशा वेळी बोटाचा आकडा धरावा.

बाबांचा पंधरा मिनिटांनी ६३ आला. पुन्हा तीन चमचे. पुढच्या वेळेला ९४. मग त्यांना राजगिऱ्याचा लाडू आणि दही दिलं, कारण चढलेली साखर थोडाच वेळ टिकते आणि पुढचं जेवण तासाभरात नसेल तर पोटात काहीतरी पडायला हवं. मग ते म्हणाले, "सगळे माझ्याभोवती का बसलाय?" बटणांचं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जातं. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं याने वेळ जाण्यापलीकडे काही होत नाही. इन्सुलिन तर मुळीच द्यायचं नाही. माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे जीभ आणि लाळ घशात जाणार नाही. कॉलर, पट्टा सैल करा, १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "डायबेटिसचे पेशंट आहेत, इन्सुलिनवर आहेत, बेशुद्ध पडलेत." हॉस्पिटलात शिरेतून ग्लुकोज दिलं की माणूस बहुतेक वेळा काही मिनिटांत डोळे उघडतो. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन किंवा नाकात मारायचं औषध घरच्यांनाही देता येतं. पण ते आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहज मिळत नाही, म्हणून टाइप १ चं, म्हणजे इन्सुलिन टोचावंच लागतं असं, मूल घरात असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

गोळीमुळे एवढं झालं असेल तर, "आता बरे झाले, चला घरी" असं करू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा अंमल बराच लांब चालतो. ग्लुकोज देऊन चढलेली साखर काही तासांनी परत उतरते. किडनी कमजोर असेल तर आणखी जास्त, कारण औषध शरीराबाहेर पडत नाही. डॉक्टर रात्रभर ठेवून घ्या म्हणाले तर तो खर्च टाळायचा नाही.

रात्रीची लो चोरपावलांनी येते. माणूस झोपेत बडबडतो, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी उशी आणि चादर ओली असते, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. असं दोन-तीनदा झालं तर एक-दोन दिवस पहाटे तीनला गजर लावून साखर तपासावी आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवावा. आमच्या काकू काकांच्या पाठीवरून रात्री एकदा हात फिरवतात, ओलं लागलं तर उठवतात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही.

लो होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: गोळी किंवा इंजेक्शन झालं आणि जेवण झालं नाही. मुंबईत जेवणाची वेळ आपल्या हातात असतेच असं नाही. सात वाजता इन्सुलिन घेऊन निघालेला माणूस विरारहून चर्चगेटला पोचेपर्यंत उभाच असतो, डब्याला हात घालायला जागा नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोक रात्रभर गाड्यांमध्ये आणि ऑफिसांत अडकले होते. तेवढं दर वर्षी होत नाही, पण पाणी भरून दोन-तीन तास गाडी थांबणं दर पावसाळ्यात होतं. सिद्धिविनायकाची रांग, लालबागची रांग, विसर्जनाच्या मिरवणुकीत चार तास नाचणं, सगळ्यात हाच हिशेब. नाचणं हा व्यायामच. त्याने स्नायू साखर ओढून घेतात आणि पुढचे चोवीस तासही ओढत राहू शकतात. विसर्जनाच्या रात्री झोपण्यापूर्वी साखर बघणं म्हणूनच गरजेचं.

गाडी चालवणाऱ्यांसाठी वेगळं. रिक्षा, टॅक्सी, बस, बाईक, काहीही असो. निघण्यापूर्वी तपासा, ९० च्या खाली असेल तर आधी खा. चालवताना हातपाय कापले तर बाजूला घ्या, किल्ली काढा, साखर घ्या. आणि साखर नॉर्मल झाल्यावरही पाऊण तास थांबा. मेंदूला पूर्ण जागेवर यायला आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरं मोठं कारण सिरिंजचं, आणि त्यावर मला जरा थांबायचंय. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. माझ्या आत्याकडे मी एकदा दोन्ही एकाच स्टीलच्या डब्यात बघितल्या. लाल आणि केशरी, ट्यूबलाइटच्या उजेडात, सत्तरीच्या डोळ्यांना जवळजवळ सारख्याच. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज अशी गाठ पडली तर 'दहा'च्या रेघेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात पंचवीस युनिट होतं. अडीचपट. त्या दिवसापासून आत्याच्या फ्रिजवर चिठ्ठी आहे, बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग लिहिलेली, आणि जुन्या सिरिंज घरातून गेल्या. केमिस्टकडे दर वेळी बाटली दाखवूनच सिरिंज मागायची.

टोचण्याच्या जागेचंही असंच. रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथे गाठ येते, तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून डोस वाढत जातो. मग एक दिवस नव्या जागेवर तोच वाढीव डोस गेला की तो पूर्ण लागतो. जागा बदलायला सुरुवात करताना डॉक्टरांशी बोलून घ्यावं ते यासाठी.

काहींना पहिली लाट जाणवतच नाही. वरचेवर लो होत राहिलं की शरीर त्या पातळीला सरावतं, घंटा उशिरा वाजते, मग वाजतच नाही, आणि माणूस थेट दुसऱ्या लाटेत जातो. वर्षानुवर्षं डायबेटिस असलेल्यांत आणि वृद्धांत हे जास्त. ब्लड प्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि कापरं दबतात. घाम मात्र दबत नाही, म्हणून अशा माणसाच्या घामाकडे लक्ष ठेवा. यात दिलासा देणारी गोष्ट एवढी, की दोन-तीन आठवडे साखर अजिबात लो होऊ दिली नाही तर ती घंटा बऱ्याच जणांत पुन्हा ऐकू यायला लागते. त्यासाठी डॉक्टर टार्गेट थोडं वर नेतात. एकट्या राहणाऱ्या, विसराळू झालेल्या ऐंशीच्या आजीचे रिपोर्ट तरुणासारखे काटेकोर ठेवण्याचा अट्टाहास मला क्रूर वाटतो. तिच्यासाठी थोडी वाढलेली साखर परवडते, बाथरूममध्ये चक्कर येऊन मोडलेलं खुब्याचं हाड परवडत नाही.

बाबांच्या डॉक्टरांना आम्ही दुसऱ्याच दिवशी भेटलो. बरोबर ४८, ६३, ९४ हे आकडे, वेळा आणि त्या दिवशी काय खाल्लं ते लिहिलेला कागद होता. त्यांनी उपास बंद करा असं सांगितलं नाही. सकाळची ग्लिमेपिराइड अर्ध्यावर आणली, संकष्टीच्या दिवशी ती कशी घ्यायची ते वेगळं लिहून दिलं, आणि म्हणाले, उपासाच्या दिवशी ७० च्या खाली आली तर उपास तिथेच सोडायचा. गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही किंवा बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मग बाबांना विचारलं, "तुमच्याकडे आत्ता, या क्षणी, साखर आहे?"

नव्हती. आता असते. शर्टाच्या वरच्या खिशात, पासच्या मागे, केमिस्ट देतात तशा छोट्या झिपच्या पिशवीत तीन चमचे ग्लुकोज, आणि त्यावर चिकटवलेला कागद: 'मला डायबेटिस आहे. मी विचित्र वागत असेन तर हे पाण्यातून द्या. शुद्धीवर नसेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.' खाली आईचा नंबर. पावसाळ्यात पावडर दमट होऊन गोळा होते, म्हणून दर संकष्टीला पिशवी बदलायची. ते काम माझ्याकडे आहे.